प्रियदर्शी सम्राट अशोक आणि त्यांची धम्मलिपी

सम्राट अशोकांचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या वस्तीत शोधूनही सापडायचा नाही. त्यांचे सिंह आपल्या खिशातल्या नोटेवर आहेत, त्यांचे चक्र तिरंग्यावर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तो दिवसही अशोक विजयादशमीचाच होता. पण नाव माहीत असणे वेगळे आणि माणूस माहीत असणे वेगळे. पोरांना विचारले तर अशोकांनी कलिंगचे युद्ध केले, मग ते बौद्ध झाले, एवढे दोन ओळींचे उत्तर मिळते. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र द्यायचे ठरवले. त्यातही एका गोष्टीवर आम्ही जास्त भर देणार आहोत. या राजाने आपले म्हणणे दगडावर का लिहून ठेवले, आणि त्या लिहिण्याचे पुढे काय झाले?

अशोक हे मौर्य घराण्यातले. चंद्रगुप्त मौर्य त्यांचे आजोबा आणि बिंदुसार त्यांचे वडील. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. तरुणपणी वडिलांनी त्यांना उज्जैनीला कारभार पाहायला पाठवले, असे पाली ग्रंथ सांगतात. तिकडे जाताना विदिशेच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, त्यांचा विवाह झाला. महेंद्र आणि संघमित्रा ही त्यांचीच मुले. बिंदुसारांच्या मृत्यूनंतर गादीसाठी भावांत भांडण झाले आणि अशोक राजे झाले. त्यांचा राज्याभिषेक इसवी सनापूर्वी सुमारे २६८ साली झाला असे इतिहासकार धरतात. तरुणपणी ते फार क्रूर होते अशा कथा पुढच्या ग्रंथांत आहेत. त्यांतले खरे किती आणि वाढवून सांगितलेले किती, या वादात आम्ही पडत नाही. अशोकांनी स्वतःबद्दल स्वतः जे लिहून ठेवले तेच पुरेसे बोलके आहे.

अभिषेकाला आठ वर्षे झाली होती तेव्हा त्यांनी कलिंग देश, म्हणजे आजचा ओडिशाचा भाग, जिंकला. या युद्धाचे आकडे कोणा शत्रूने दिलेले नाहीत, खुद्द राजानेच दिले आहेत. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, असे तेराव्या शिलालेखात आहे. जिंकलेला राजा आपल्या विजयाचे पोवाडे लिहून घेतो ही जगाची रीत. अशोकांनी उलटे केले. मेलेल्यांची मोजदाद लिहिली, नुसत्या सैनिकांच्याच नव्हे तर घरच्या माणसांच्या आणि आप्तांच्या दुःखाची नोंद केली, आणि आपल्याला याचा पश्चात्ताप झाला हेही लिहिले. इतका मोठा राजा हरल्यावर नव्हे, जिंकल्यावर खेद करतो आणि तो खेद सगळ्यांना वाचता यावा म्हणून कोरून ठेवतो, याला जगाच्या इतिहासात जोड सापडणे कठीण.

एक गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. हा तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. सगळी प्रजा ही माझी लेकरे आहेत, अधिकाऱ्यांनी कुणाला विनाकारण तुरुंगात टाकू नये, छळू नये, असा त्यांचा आशय आहे. ज्यांचे घर जळाले त्यांच्या दारात त्या जळण्याची पाटी लावू नये, एवढी जाण त्यात दिसते.

अशोक एका रात्रीत बदलले असे आपल्याकडे सांगतात. त्यांचे स्वतःचे म्हणणे तसे नाही. उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ लोटला, पण सुरुवातीला आपण फारशी मेहनत केली नाही, आणि मग संघाच्या सहवासात आल्यावर वर्षभर नेटाने प्रयत्न केला, असे त्यांनी लघुशिलालेखांत सांगितले आहे. लहान माणसालाही प्रयत्नाने मोठे फळ मिळते, हे त्यांना या अनुभवावरून पटले होते. अभिषेकाच्या दहाव्या वर्षी ते बोधगयेला गेले. शिकारीच्या सहली बंद करून त्यांनी धम्मयात्रा सुरू केल्या. विसाव्या वर्षी ते लुंबिनीला गेले, तिथे खांब उभारला, आणि तथागतांचा जन्म जिथे झाला त्या गावाचा शेतसारा कमी करून आठवा हिस्सा केला. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, रस्त्यांवर वडाची झाडे लावली, विहिरी खणल्या. राजाच्या मुदपाकखान्यात रोज हजारो जनावरे कापली जात. ती संख्या दोन मोर आणि एक हरीण यावर आणली, आणि पुढे तेही बंद करू असे लिहून ठेवले. पूर्ण झाले नाही ते पूर्ण झाले असे लिहिले नाही.

आता लिहिण्याकडे वळू. तथागतांची वाणी तोवर भिक्खूंच्या तोंडी होती. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने ऐकून पाठ करायचे, पुन्हा सगळ्यांनी मिळून म्हणायचे. ही रीत फार बळकट होती. पण राजाचे म्हणणे कोण पाठ करणार? राजा मेला की राजाचा हुकूमही मरतो. भूर्जपत्र, कापड, लाकडी फळी आपल्या पावसाळ्यात आणि वाळवीत किती दिवस टिकणार? अशोकांनी दगड निवडला. आपण हे का करतो याचे कारणही त्यांनी जागोजाग दिले आहे. हे पुष्कळ काळ टिकावे, पोरानातवांनी यापुढे याप्रमाणे वागावे, चंद्रसूर्य असेपर्यंत हे राहावे, असा त्याचा भावार्थ आहे. जिथे जिथे दगडी खांब किंवा शिळा असतील तिथे हा लेख कोरा, असा हुकूमही त्यांनी दिला.

दगड टिकतो हे गिरडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. टेकडीवरचे गोल दगड आपण लहानपणापासून पाहतो, आणि व्यापाऱ्याचा माल दगड झाल्याची कथा घरोघर ऐकतो. दगड टिकला म्हणून कथा टिकली की कथा सांगणारी माणसे टिकली म्हणून दगडाला अर्थ राहिला? हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचावे.

अशोकांनी काम नीट ठरवून केले. डोंगरातल्या मोठ्या खडकांवर चौदा लेखांची मालिका कोरली. गुजरातेत गिरनार, उत्तराखंडात कालसी, ओडिशात धौली, आंध्रात येर्रगुडी अशा ठिकाणी ती आहे. नंतर अभिषेकाच्या सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी खांबांवरचे लेख कोरले. हे खांब एकाच अखंड दगडाचे, काही चाळीस-पन्नास फूट उंच, आणि त्यांची झिलई अशी की आजही हात फिरवला तर काचेसारखी लागते. भाषा लोकांची ठेवली. बहुतेक ठिकाणी लिपी ब्राह्मी. वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे लोक खरोष्ठी वाचत, म्हणून तिथे खरोष्ठी. अफगाणिस्तानात कंदहारला ग्रीक आणि अरमाइक भाषेत लिहिले, तो लेख १९५८ साली सापडला. लेखाला त्यांनी धम्मलिपी असे नाव दिले.

छिन्नी-हातोडा घेऊन घाव घालणारे पाथरवट आणि अक्षरे आखून देणारे लिपिकार यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. एकच अपवाद आहे. कर्नाटकात ब्रह्मगिरी आणि त्याच्या आसपासच्या लेखांखाली चपड नावाच्या लिपिकाराने आपली सही कोरली आहे. आणखी एक गंमत म्हणजे काही लेख अपुरे राहिले असतील, काही जागेमुळे तुटले असतील, काही ठिकाणी लिहिणाऱ्याची चूक झाली असेल, हे राजाने चौदाव्या लेखात आधीच कबूल करून टाकले आहे.

पण नुसता दगड कोरून ते थांबले नाहीत, आणि या लेखाचा गाभा आम्हाला इथेच दिसतो. कलिंगातले लेख ठरलेल्या नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावेत, आणि मधल्या काळात ऐकणारा एकटा माणूस असला तरी त्याला वाचून दाखवावेत, असा त्यांचा आदेश आहे. बहुसंख्य लोकांना अक्षर येत नव्हते हे त्यांना ठाऊक होते. सारनाथचा लेख संघात फूट पाडू नये म्हणून आहे. त्याची एक प्रत अधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवावी, दुसरी उपासकांजवळ ठेवावी, आणि उपासकांनी दर उपोसथाला येऊन तो समजून घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे प्रती एकाहून जास्त, त्याही वेगवेगळ्या हातांत, आणि पंधरवड्याला पुन्हा उजळणी. बावीसशे वर्षांपूर्वी तुमच्या-आमच्यासारख्या साध्या उपासकांवर राजाने ही जबाबदारी टाकली होती.

आपल्या महाराष्ट्रातही हे लेख पोचले. ठाणे-वसईकडचे सोपारा हे तेव्हाचे मोठे बंदर. तिथे आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला, तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा तिथेच भुईगावला १९५६ साली सापडला. चौदा लेखांपैकी एवढेच हाती लागले, बाकीचे दगड कुठे पायऱ्यांत, कुठे बांधात गेले असतील. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे देवटेक येथे एक शिळा होती, ती नागपूरच्या संग्रहालयात नेली. तिच्यावर प्राणी धरू नयेत, मारू नयेत अशा आशयाचा जुना लेख आहे आणि तो अशोकांच्या अधिकाऱ्याचा असावा असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे सहाशे वर्षांनी त्याच शिळेवर वाकाटक राजाचा दुसरा लेख कोरला गेला आणि जुनी अक्षरे बिघडली. अलाहाबादच्या खांबावर जहांगीर बादशहाने आपल्या वाडवडिलांची नावे अशोकांच्या ओळींवरच कोरली. दगड टिकतो, पण दगडावरचे टिकेलच असे नाही.

अशोकांच्या काळात पाटलिपुत्राला मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी धम्मसंगीती झाली, असे पाली ग्रंथ सांगतात. त्यानंतर देशोदेशी थेर पाठवले गेले. महारट्ठात, म्हणजे आपल्याकडे, महाधम्मरक्खित थेर आले. महेंद्र आणि संघमित्रा लंकेला गेले. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचे झाड अनुराधपूरला आजही आहे. लेकराने नेलेली ही तोंडपाठ वाणी पुढे बापाच्या दगडालाही उपयोगी पडणार होती, ते कसे ते पुढे येईल.

सुमारे छत्तीस वर्षे राज्य करून अशोक इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास गेले. शेवटच्या दिवसांत त्यांची सत्ता मंत्र्यांनी आवळली आणि संघाला द्यायला त्यांच्या हातात अर्धा आवळाच उरला होता, अशी एक कथा संस्कृत ग्रंथात आहे. कथा खरी असो की नसो, राज्य मात्र पुढच्या पन्नास वर्षांत मोडले.

आणि मग विसर पडला. हा विसर कुण्या एका शत्रूने पाडला नाही. अक्षरांची वळणे पिढीगणिक थोडी थोडी बदलत गेली. नातवाला आजोबांचे अक्षर वाचता येई, पण पणतूच्या पणतूला येईना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा येथील खांब कापसात आणि बोरूत गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून, यमुनेतून नावेने दिल्लीला आणला. वाचायला पंडित बोलावले. कुणालाच एक अक्षर लागले नाही. लोक त्या खांबांना भीमाची काठी म्हणू लागले. विचार करा, चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावे म्हणून कोरलेले सगळे जागच्या जागी होते. फक्त वाचणारा उरला नव्हता. हजार वर्षांहून जास्त काळ राजा बोलत होता आणि देश बहिरा झाला होता. कर्नाटकात सन्नतीला तर अशोकांचा लेख असलेली शिळा भोक पाडून मूर्तीची बैठक म्हणून वापरली होती. १९८६ साली देवळाचे छत कोसळले तेव्हा ती उजेडात आली.

कुलूप उघडले १८३७ साली, कलकत्त्यात. टांकसाळीत नोकरी करणारा जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज या लिपीच्या मागे लागला होता. लासेन नावाच्या विद्वानाने १८३६ साली एका ग्रीक राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती. प्रिन्सेपच्या हाती सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख आले. त्याने पाहिले की बहुतेक ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात. देवस्थानी लोक दान देतात आणि नाव कोरतात, तेव्हा शेवटचा शब्द दान हा असणार, असा त्याने कयास बांधला. तो बरोबर निघाला आणि एकेक अक्षर सुटत गेले. सम्राटाच्या लेखाची किल्ली सम्राटाच्या खांबात नव्हती, ती एक एक दगड देणाऱ्या साध्या उपासक-उपासिकांच्या, भिक्खू-भिक्खुणींच्या नावांत होती. स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी छापतो, तिला कुणी हसू नये ते यासाठी.

अक्षर लागले, तरी लिहिणारा कोण ते कळेना. लेखांत राजा स्वतःला देवानंपिय पियदसी म्हणवतो. हा कोण? उत्तर लंकेहून आले. तिथे महेंद्र थेरांनी नेलेली परंपरा भिक्खूंनी शतकानुशतके पाठ केली होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दुष्काळ आणि लढाया आल्या, पाठ असलेले भिक्खू मरू लागले, तेव्हा अलुविहारात त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून घेतले. ताडपत्र काही शतकांत झिजते, म्हणून दर काही पिढ्यांनी पुन्हा नक्कल. लंकेत नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नर याने या पाली इतिहासग्रंथांतून दाखवून दिले की पियदसी म्हणजेच अशोक. पुढे १९१५ साली मस्की येथे अशोक हे नावच कोरलेला लेख मिळाला आणि शंका उरली नाही. म्हणजे न झिजणारा दगड मुका झाला होता, आणि झिजणाऱ्या पानाने त्याला वाचा दिली. कारण पानाच्या पाठीशी वाचणारी माणसे होती.

या कामात आपल्या मराठी माणसाचाही हात आहे. राजस्थानातल्या बैराटच्या लेखात अशोकांनी सात धम्मग्रंथांची नावे दिली आहेत. भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी ते वारंवार ऐकावेत आणि मनन करावे असे त्यात सांगितले आहे. खोटे बोलण्याविषयी राहुलला केलेला उपदेश त्यांतच येतो. बाकीची नावे त्रिपिटकातल्या कोणत्या सुत्तांची, हे जुळवण्याचे काम गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी १९१२ साली केले. लंकेत जाऊन पाली शिकलेला हा माणूस १९४७ च्या जूनमध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, वारला.

टिकवण्याचे प्रयत्न पुढेही झाले. ब्रह्मदेशात मांडले येथे मिंडॉन राजाने १८६० ते १८६८ या काळात ७२९ संगमरवरी शिळांवर अख्खे त्रिपिटक कोरले. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेची हस्तलिखित मूळ प्रत १९९४ पासून दिल्लीत नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवली आहे. आता तर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर जुन्या कोळशाच्या खाणीत, गोठलेल्या डोंगराच्या पोटात, २०१७ पासून फिल्मवर मजकूर साठवून ठेवतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली हाताच्या तळव्याएवढ्या काचेत अख्खा सिनेमा कोरून दाखवला. हे सगळे चांगलेच आहे. पण ती काच वाचणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हजार वर्षांनी राहील का, हा प्रश्न अशोकांच्या खांबाइतकाच जुना आहे.

फार लांब जायला नको. आपल्या घरात भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी पडून आहेत, पण टेपरेकॉर्डर राहिला नाही. कॅसेट आहे, आवाज नाही. लग्नाचे फोटो मोबाइलमध्ये, मोबाइल पाण्यात पडला की गेले. १९५६ ला बंडीने, पायी, मिळेल त्या वाहनाने दीक्षाभूमीवर गेलेली माणसे हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरली, आणि त्यांनी काय पाहिले ते कुणी लिहून घेतले का, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

अशोकांनी दिलेला मार्ग खर्चाचा नाही. महत्त्वाचे ते टिकाऊ जागी लिहा. एकच प्रत ठेवू नका, एक विहारात तर एक उपासकांच्या घरी ठेवा. आणि ठरल्या दिवशी एकत्र बसून मोठ्याने वाचा, ऐकणारा एकच असला तरी वाचा. आमची सूचना अशी की पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास काढावा, एका वडीलधाऱ्यांची आठवण ऐकावी, शाळकरी पोराने ती वहीत उतरवावी आणि पुढच्या पौर्णिमेला वाचून दाखवावी. वहीच्या दोन नकला कराव्यात. ब्राह्मीची अक्षरे तीसचाळीसच्या आसपास आहेत, सुट्टीत पोरांना सहज येतील. मग नागपूरच्या संग्रहालयात नेऊन त्यांना ती देवटेकची शिळा दाखवता येईल. बिघडलेल्या अक्षरांतले एक जरी आपल्या पोराने ओळखले, तरी त्या शिळेला आपल्या गावातला एक वाचणारा मिळाला असे होईल.